पुडिंगमधले अंडे : विलायतेतल्या एका मराठी शिक्षिकेची पावणेतीन वर्षे

आजचा धागा लांब आहे. सवडीने वाचावा.

माझा एक वर्गमित्र मागच्या वर्षी इंग्रजी शिकवायला परदेशी गेला. पनवेलच्या क्लासमध्ये तयारी करून, परीक्षा देऊन, व्हिसाची यातायात सोसून गेला. पहिल्या महिन्यात त्याचे जे संदेश येत, त्यांत वर्ग, फळा, विद्यार्थी यांचा उल्लेख क्वचितच असे. जेवण, थंडी, शेजारी, आणि 'तू असा का वागतोस' या अर्थाच्या नजरा, एवढेच त्यांत असे. ते वाचताना मला सारखा एक जुना पत्रव्यवहार आठवत राहिला. त्याच्याविषयी लिहायचे आहे. पण सुरुवात आपल्या गावाच्या खाडीपासून करतो, कारण परदेशातून शिकवायला येणाऱ्या माणसांची वाट एके काळी इथूनच जात होती.

रेल्वे येण्यापूर्वी मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस बंदरावर होडीत बसे आणि भरतीची वेळ साधून पनवेलला उतरे. पुढे पालखी, तट्टू किंवा गाडी. चौक, खोपोली आणि मग बोरघाट. मारिया ग्रॅहम ही इंग्रज लेखिका १८०९ साली याच वाटेने पुण्याला गेली. १८२५ च्या पावसाळ्यात बिशप हेबर याच वाटेने गेले आणि त्यांनी पुण्याच्या लष्करातील सेंट मेरी चर्चचा अभिषेक केला. १८३० साली गव्हर्नर माल्कम यांच्या काळात बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि पनवेलचे महत्त्व आणखी वाढले. गाड्यांची चाके बनवण्याचा धंदा आपल्या गावात जोरात होता, तो याच वाहतुकीमुळे. देशावरचे गाडीवान इथली चाके घालून परत जात.

या काळात पुण्याला जे गोरे अधिकारी, पाद्री आणि शिक्षक गेले, त्यांच्यापुढे 'रुळण्याचा' प्रश्न कितपत होता? उन्हाळ्याचा होता, तापाचा होता, भाषेचाही होता. मेजर थॉमस कँडी यांच्यासारख्यांनी मराठीचा एवढा व्यासंग केला, की आज आपण वापरतो ती विरामचिन्हे मराठीत रुजवण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते. परंतु कँडींनी काय खावे, कोणता पोशाख करावा, गळ्यात काय घालावे, असे त्यांना पुण्यातल्या कोणी विचारले नाही. विचारण्याची सोयही नव्हती. लष्करात बंगला होता, बटलर होता, पावभट्टी होती, चर्च होते. आपला देश ते सोबत घेऊनच आले होते.

१८५७ साली एडविन आर्नल्ड हे पूना कॉलेजचे प्राचार्य म्हणून आले. पूना कॉलेज म्हणजे पुढचे डेक्कन कॉलेज. ते तेव्हा विश्रामबाग वाड्यात भरत असे. आर्नल्ड त्या वर्षी पंचविशीचे होते. त्याआधी बर्मिंगहॅमच्या शाळेत ते शिक्षक होते. तोवर रेल्वे खोपोलीपर्यंत पोहोचली होती आणि पनवेल बंदराची सद्दी ओसरू लागली होती. आर्नल्डांनी इथे संस्कृतचा अभ्यास केला आणि १८६१ मध्ये 'हितोपदेशा'चे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. बुद्धचरित्रावरचे त्यांचे 'लाइट ऑफ एशिया' हे काव्य आणि गांधीजींनी लंडनमध्ये वाचलेला त्यांचा गीतेचा अनुवाद, या दोहोंचे मूळ पुण्याच्या त्या थोड्या वर्षांत आहे. पद सोडल्यावर आपल्या जागी येणाऱ्या प्राचार्याला उद्देशून त्यांनी एक पत्ररूप पुस्तिकाही छापली. पंचविशीतला नवखा शिक्षक परक्या मुलखात येतो, चार वर्षे शिकवतो, आणि परतताना मागून येणाऱ्याला उपदेश करून जातो. हे सगळे मला लोभस वाटते. आर्नल्डांविषयी माझी तक्रार नाही.

आता उलट दिशेने जाऊ.

२६ वर्षांनी, १८८३ च्या मे महिन्यात, आणखी एक पंचविशीतली व्यक्ती शिकवण्याच्या करारावर परक्या देशात उतरली. ती पुण्याहून विलायतेला गेली होती. तिच्यासोबत दोन वर्षांची मुलगी होती, पतीच्या निधनाला सव्वा वर्ष झाले होते, आणि तिला कानांनी कमी ऐकू येत असे. पंडिता रमाबाई.

रमाबाईंचे पूर्वचरित्र तुमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक असेल, म्हणून भरभर सांगतो. जन्म १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून सनातन्यांचा रोष ओढवून घेतला आणि गंगामूळच्या रानात आश्रम थाटला. पुढे तीर्थाटन, पुराणकथन, दुष्काळ. आईवडील आणि बहीण त्यातच गेले. भावासोबत पायी हिंडत रमाबाई १८७८ साली कलकत्त्याला पोहोचल्या आणि तिथल्या पंडितांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. बंगालमध्ये विवाह, कन्या मनोरमेचा जन्म, १८८२ च्या आरंभी वैधव्य. त्याच वर्षी पुण्याला आगमन, आर्य महिला समाज, हंटर आयोगापुढची साक्ष. 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले आणि त्याच्या विक्रीतून विलायतेचा वाटखर्च उभा केला.

मनात वैद्यकीय शिक्षण होते. आनंदीबाई जोशी त्याच वसंतात कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या होत्या. दोघी दूरच्या नात्यातल्या. पण रमाबाईंच्या मागे अमेरिकन यजमानीण नव्हती. त्यांना मिळाला तो एक विनिमय. इंग्लंडमधल्या वाँटेज गावी सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाचा मठ होता. त्याच संघाची शाखा १८७७ पासून पुण्यात काम करत होती. ठरले असे : वाँटेजच्या मठात रमाबाईंनी पुण्याला जाऊ घातलेल्या भगिनींना मराठी शिकवावे, आणि भगिनींनी त्यांना इंग्रजी शिकवावे व त्यांच्या राहण्याखाण्याची सोय करावी.

येथे थोडे थांबावे. रमाबाई आश्रित म्हणून गेल्या नाहीत, शिक्षिका म्हणून गेल्या. त्यांच्या राहण्याचे मोल त्यांच्या अध्यापनातून चुकते होत होते. हा मुद्दा पुढच्या सगळ्या वादांत महत्त्वाचा आहे, आणि तो विसरण्याची सवय त्यांच्या यजमानांना फार लवकर लागली. आपल्याकडच्या चरित्रकारांनाही लागली, असे माझे मत.

इंग्रजीचे प्राथमिक धडे त्यांनी पुण्यात मिस हर्फर्ड यांच्याकडे घेतले होते. तेवढ्या शिदोरीवर वाँटेजला पाऊल ठेवले. शिकवायची भाषा अवगत, पण शिकवण्याचे माध्यम अर्धेकच्चे, अशी ही स्थिती. त्यात कानाचा दोष. परकी भाषा माणूस प्रथम कानाने उचलतो. ओठांच्या हालचाली, सूर, पुनरुक्ती यांवरून तो अंदाज बांधतो. रमाबाईंना ते दारही अर्धे बंद होते. या श्रवणदोषामुळेच वैद्यकीय अभ्यास त्यांना सोडावा लागला. असे असूनही दोन-अडीच वर्षांत त्यांच्या इंग्रजी पत्रांतला युक्तिवाद असा धारदार झाला, की ज्यांनी भाषा शिकवली त्यांनाच तो झोंबू लागला.

पण पहिले काही महिने भयंकर होते. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी थोड्याच महिन्यांत आत्महत्या केली. त्यानंतर रमाबाई ऑक्सफर्डला मॅक्स म्युलर यांच्या घरी काही काळ राहिल्या. म्युलर यांनी आठवणींत लिहिले आहे, की त्या इतक्या हादरल्या होत्या की रात्री त्यांच्या खोलीत घरातल्या मोलकरणीला झोपावे लागे. परक्या देशात, परक्या भाषेत, आपली मराठी बोलणारी एकमेव सोबतीण गमावणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी. मनोरमा तेव्हा अडीच वर्षांचीही नव्हती.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात त्यावर केवढे वादळ उठले हे आपण जाणतो. तो विषय या धाग्याचा नाही. येथे एवढेच नोंदवायचे, की धर्म बदलल्याने त्यांचे दैनंदिन जीवन सोपे झाले नाही. उलट अपेक्षा वाढल्या. 'आता ही आपली झाली' असे यजमानांना वाटले, आणि आपले झालेल्या माणसाने वेगळे वागणे अधिक खटकते.

१८८४ साली रमाबाई चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात गेल्या. प्राचार्या डोरोथिया बील १८५८ पासून, म्हणजे रमाबाईंच्या जन्मवर्षापासून, त्या पदावर होत्या. मुलींच्या उच्च शिक्षणाच्या इतिहासात त्यांचे नाव मोठे आहे. येथे रमाबाई एकाच वेळी विद्यार्थिनी आणि अध्यापिका होत्या : गणित, विज्ञान आणि इंग्रजी साहित्य शिकत, आणि संस्कृत शिकवत. वडिलांनी पाठ करून घेतलेले व्याकरण आता इंग्लंडच्या एका वर्गात इंग्रजीतून उलगडायचे होते.

वाँटेजला भगिनी जेराल्डिन होत्या. पुण्यात काम करून प्रकृतीच्या कारणाने परतलेल्या या भगिनी रमाबाईंच्या धर्ममाता झाल्या. रमाबाई त्यांना पत्रात 'आजीबाई' म्हणत. मनोरमाही तेच म्हणे. नाते खरोखर जिव्हाळ्याचे होते, आणि म्हणूनच पुढची भांडणे वाचताना त्रास होतो. तिऱ्हाइताशी इतके कोणी भांडत नाही. ही सारी पत्रे जेराल्डिन यांनीच जपली, त्यांवर आपल्या टिपा लिहिल्या, आणि १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ती ग्रंथरूपाने आली. प्रतिपक्षानेच कागद जपून ठेवावेत, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे केवढे भाग्य. ग्रंथालयात मी तो ग्रंथ पहिल्यांदा उघडला तो संदर्भापुरता. सायंकाळी ग्रंथपालांनी दिवे मालवायला घेतले तेव्हा भान आले.

आता पुडिंग.

रमाबाई मांस, मासे खात नसत. अंडीही नाहीत. मठात आणि कॉलेजात जे गोड पदार्थ होत, त्यांत अंडी असत. रमाबाई ते नाकारत. जेराल्डिनना हे अंगाला लागले. ख्रिस्ती झाल्यावरही हिंदू खाण्यापिण्याचे नियम पाळणे हा त्यांना जातीचा अभिमान वाटला. त्यांच्या बाजूने काही म्हणायचे तर, थंड हवेत अशा आहाराने प्रकृती टिकेल का ही काळजी खोटी नव्हती. आणि मठाचे जीवन म्हणजे स्वतःची आवडनिवड सोडण्याचे शिक्षण, ही त्यांची श्रद्धा होती. ताटातले अंडे त्यांना अंडे दिसतच नव्हते. त्यांना त्यात न मोडलेला 'मी' दिसत होता.

रमाबाईंचे १८८५ मधले उत्तर हा त्या पत्रव्यवहारातला माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग. त्या क्षमा मागत नाहीत. शाकाहार श्रेष्ठ आहे असेही सिद्ध करू पाहत नाहीत. त्या मोकळेपणी मान्य करतात, की तुम्ही ज्याला जातीचे पूर्वग्रह म्हणता त्यांतून मी पूर्णपणे सुटलेली नाही. मला हिंदू म्हणवून घेणे आवडते, कारण मी तशी आहे, आणि पूर्वजांच्या चालीरीती जमेल तेवढ्या मी पाळते. आणि मग त्या एक प्रश्न विचारतात. त्याचा आशय असा : एखादी इंग्रज बाई हिंदू लोकांत काही काळ राहावयास गेली, आणि कोणास अपाय होत नाही अशा आपल्या चाली तिने बदलल्या नाहीत, तर तिला गर्विष्ठ आणि पूर्वग्रहदूषित म्हटलेले तिला आवडेल काय?

या प्रश्नापाशी मी पनवेलच्या खाडीकडे परत जातो. रमाबाईंना ही कल्पना रचावी लागली नव्हती. पुण्यात त्यांनी अशा बायका डोळ्यांनी पाहिल्या होत्या. लष्करातल्या बंगल्यांतून, मिशनच्या आवारांतून त्या राहत. मराठी शिकत, मराठी मुलींना शिकवत, आणि आपल्या मेजावर आपलेच जेवण जेवत. बोरघाट चढून गेलेल्या तीन पिढ्यांतल्या गोऱ्या शिक्षकांना जी सवलत न मागता मिळाली, ती वाँटेजच्या भोजनगृहात एका मराठी शिक्षिकेला युक्तिवाद करून मिळवावी लागत होती. 'नव्या देशात गेल्यावर तिथले होऊन राहावे' हा उपदेश ऐकायला निरुपद्रवी वाटतो. १८८५ साली तो एकाच दिशेच्या बोटीत चढत असे.

दुसरे भांडण क्रुसावरून झाले. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन शब्द असावेत अशी जेराल्डिनची इच्छा. रमाबाईंना संस्कृत हवे. यावर रमाबाईंचा जबाब पाहण्याजोगा आहे. लॅटिनमध्ये आमच्या जुन्या संस्कृतपेक्षा काही अधिक आहे, असे तुम्हास वाटते काय? की ब्राह्मण जसे संस्कृतला देववाणी मानतात, तसे तुम्ही लॅटिनला मानता? मी संस्कृतला धरून आहे ती ते पवित्र आहे म्हणून नव्हे. ती माझ्या मायदेशाची सर्वांत जुनी आणि सर्वांत सुंदर भाषा आहे म्हणून. आणि लॅटिन ना माझ्या देशभगिनींना समजते, ना इंग्रजी शिकलेल्या तिथल्या ख्रिस्ती स्त्रियांना.

यात मजा अशी, की संस्कृत देववाणी नाही हे म्हणणारी बाई पंडिताची मुलगी आहे, आणि ते ज्यांना सांगते आहे त्यांच्या मनात लॅटिनविषयी तोच भाव आहे जो पुण्याच्या शास्त्र्यांच्या मनात संस्कृतविषयी होता. दोन्ही सोवळ्यांना एकाच वाक्यात तिने हात लावला.

तिसरा प्रसंग थेट शिकवण्याशी निगडित. चेल्टनहॅमला रमाबाईंनी काही तरुण पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे असा विचार १८८५ मध्ये निघाला. बीलबाईंना त्यात गैर दिसले नाही. पण सल्ला विचारताच लाहोरचे आणि मुंबईचे बिशप विरोधात उभे राहिले. त्यांचे म्हणणे असे, की स्त्रीने पुरुषांना शिकवले हे हिंदुस्थानात कळले तर तिच्या देशभगिनींत तिची पत राहणार नाही. म्हणजे हिंदू समाजाला काय खपेल हे हिंदू शिक्षिकेला दोन इंग्रज धर्माधिकारी सांगत होते. हिंदुस्थानातल्या रूढींची एवढी चिंता पुडिंगच्या वेळी कोणी केली नव्हती, हे आपले माझे एक टिपण.

रमाबाईंनी बीलबाईंना लिहिले त्यात आश्चर्य आहे आणि राग आहे. त्यांच्या आईने आश्रमातल्या तरुण विद्यार्थ्यांना शिकवले होते आणि वडिलांची त्याला हरकत नव्हती. त्यांनी स्वतः पुरुषांच्या सभांपुढे व्याख्याने दिली होती, आणि पतीची त्याला हरकत नव्हती. मग ही हरकत येथे, विलायतेत, कोठून आली? आपल्याला स्वतःची विवेकबुद्धी आहे आणि आपला निर्णय आपण करू, हे त्यांनी नि:संदिग्धपणे कळवले. चर्चच्या आज्ञेपेक्षा स्वतःच्या सदसद्विवेकाला वर ठेवणारे हे वाक्य वाँटेजला पोहोचले तेव्हा तिथे काय वाटले असेल, हे जेराल्डिनच्या टिपांवरून कळते. त्यांना ते अवज्ञेसारखे वाटले.

बीलबाईंची रीत निराळी. रमाबाईंशी त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्यांचा लांबलचक वाद चाले आणि त्या वाद घालू देत. हुकमाने हे मन वळणार नाही, तर्कानेच वळेल, हे त्या अनुभवी शिक्षिकेने ओळखले होते. इंग्लंडने रमाबाईंना एकाच पद्धतीने वागवले असे म्हणूच नये; एकाच परगण्याच्या अंतरावर दोन इंग्लंड होती.

आणि मनोरमा? आई चेल्टनहॅमला असता ती बराच काळ वाँटेजला भगिनींच्या संगतीत असे. मुले कोणतीही भाषा आणि कोणतेही घर चटकन आपले करतात, मनोरमेनेही केले. रमाबाईंना याची धास्ती वाटू लागली. मुलगी आपल्या लोकांत परकी किंवा वरचढ होऊन परतू नये, हिंदुस्थानची लेक म्हणवून घेताना तिने लाजू नये, या आशयाचे त्यांनी कळकळीने लिहिले आहे. आपण जिथे रुळलो नाही तिथे आपले मूल रुळले, याचे सुख आणि भय एकाच वेळी. परदेशी स्थायिक झालेल्या कोणत्याही मराठी आईला हे पत्र आज दाखवावे. तारीख झाकली तर तिला ते कालचे वाटेल.

१८८६ च्या फेब्रुवारीत रमाबाईंनी इंग्लंड सोडले. निमित्त आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाचे. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाच्या डीन रेचल बॉडली यांनी आमंत्रण दिले होते. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई डॉक्टर झाल्या तेव्हा रमाबाई सभागृहात होत्या. वाँटेजची इच्छा त्यांनी जाऊ नये अशीच होती. थोड्या दिवसांसाठी म्हणून गेलेल्या रमाबाई अमेरिकेत दोन वर्षांहून अधिक काळ राहिल्या. फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले, १८८७ मध्ये 'द हाय-कास्ट हिंदू वूमन' प्रसिद्ध केले, गावोगाव व्याख्याने देऊन पैसा उभा केला. अमेरिकेवर त्यांनी मराठीत स्वतंत्र पुस्तक लिहिले, ते १८८९ चे. इंग्लंडविषयी मराठीत त्यांचे आहे ते मुख्यतः १८८३ चे एक दीर्घ पत्र, 'इंग्लंडचा प्रवास'. अमेरिकेवर ग्रंथ आणि इंग्लंडवर एक पत्र. यातून काय समजायचे ते वाचकांनी ठरवावे. माझा तर्क तुम्ही एव्हाना ओळखला असेल.

११ मार्च १८८९ रोजी, आनंदीबाईंच्या पदवीनंतर बरोबर तीन वर्षांनी, मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. आनंदीबाई तोवर हयात नव्हत्या. पहिल्या विधवा विद्यार्थिनींत गोदूबाई जोशी होत्या; पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. सदनाची संचालिका ख्रिस्ती, मुली बहुतेक ब्राह्मण विधवा. आणि सदनात मुलींना आपल्या चालीप्रमाणे सोवळेओवळे पाळता येईल, आपले अन्न आपल्या रीतीने शिजवता येईल, अशी व्यवस्था रमाबाईंनी ठेवली. स्वयंपाकघराचा हा नियम मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा मला वाँटेजचे ते पुडिंग आठवते.

१८९० च्या नोव्हेंबरात सदन पुण्याला हलले, आणि तिथे प्रश्न फिरून रमाबाईंच्याच दारी आला. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करत तेव्हा दार लावून घेत नसत. काही मुली आत येऊन बसू लागल्या. 'केसरी'ने झोड उठवली. सल्लागार मंडळातल्या रानडे, भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी दार लावावे असे सुचवले. स्वतःच्या मुलीला जेराल्डिन काय शिकवतात यावर डोळ्यांत तेल घालून पाहणारी आई आता दुसऱ्यांच्या मुलींच्या बाबतीत उत्तर देत होती : मी कोणाला बोलावत नाही, पण आलेल्याला हाकलणारही नाही. जेराल्डिनलाही, आपण केवळ प्रेमाने दार उघडे ठेवतो आहोत, असेच वाटत असणार. १८९३ साली सल्लागारांनी राजीनामे दिले आणि पालकांनी वीसहून अधिक मुली काढून नेल्या.

रमाबाईंनी दार लावले नाही. आणि अंडेही त्यांनी अखेरपर्यंत खाल्ले नाही.